हँडब्रेकचे सहा टिक

प्रभाकररावांच्या गाडीला हँडब्रेक आहे, ही गोष्ट कागदोपत्री खरी होती. प्रत्यक्षात त्या जागी मंदाबाई होत्या.

गाडी सतरा वर्षांची. रंग पांढरा, म्हणजे घेतली तेव्हा पांढरा. हँडब्रेकचा दांडा ओढला की तो कुठेही न अडखळता सरळ कोपरापर्यंत वर येई आणि तिथेच उभा राही, जसा एखादा माणूस सभेत हात वर करतो आणि विचारायचं तर काहीच नसतं. गाडीवर त्याचा काडीचा परिणाम होत नसे. लोक सांगत, "गियरात टाकून ठेवा न." पण पहिला गियर दोन पावसाळ्यांपासून आपल्या मर्जीने सुटत असे, आणि रिव्हर्सवर विसंबून राहावं असं त्याचं एकूण चारित्र्य नव्हतं.

सपाट गावात हे खपून गेलं असतं. आर्वीही तशी सपाटच. पण प्रभाकररावांची गल्ली नाही. गल्लीवर दर काही वर्षांनी जुन्या काँक्रीटवरच नवं काँक्रीट चढत गेलं, त्यामुळे रस्ता वर गेला आणि घरं आहेत तिथेच राहिली. आता नाक्यावरून घरापर्यंत असा उतार तयार झाला होता की, सोयाबीनचं पोतं सोडलं तर ते आपोआप घरपोच झालं असतं. प्रभाकररावांनी याविषयी एका कार्यालयात अर्ज केला होता. कार्यालयाचं नाव घेत नाही, कारण अजून तिथे कामं पडतात. चार महिन्यांनी लेखी उत्तर आलं : "स्थळपाहणी केली असता रस्ता योग्य उंचीवर असून अर्जदाराचे घर खोलगट असल्याचे आढळून आले. सबब, अर्जदाराने आपले स्तरावर कार्यवाही करावी."

आपल्या स्तरावरची कार्यवाही म्हणजे गोटा. चांगला पाच किलोचा, काळा, गुळगुळीत, एका बाजूने चपटा. तो मंदाबाईंच्या पायाशी पायपुसण्यावर असे. गाडी थांबली की प्रभाकरराव ब्रेकवर पाय दाबून धरत, मंदाबाई गोटा घेऊन उतरत, मागच्या चाकाला लावत आणि "लागला!" अशी आरोळी देत. मग प्रभाकरराव पाय काढत. नऊ वर्षं हा व्यवहार सुरळीत चालला होता. आर्वीच्या बाजारात, आंजी गावच्या लग्नात, वर्ध्याच्या दवाखान्यासमोर, सगळीकडे मंदाबाई आधी गोट्यासह उतरत आणि मग माणसांत जात. प्रभाकररावांना यात काही वावगं वाटत नव्हतं. संसार म्हणजे परस्पर सहकार्य, असं ते म्हणत. सहकार्यात गोटा कोणी उचलायचा, एवढाच तपशील ते गाळत.

पण त्यांच्या धंद्याचा विचार केला तर यात थोडी लाज होती. प्रभाकररावांचं हार्डवेअरचं दुकान होतं. नट, बोल्ट, वॉशर, पाने, स्क्रू असं जे जे दोन वस्तूंना एकमेकींपासून हलू देत नाही, ते सगळं ते तीस वर्षं विकत आले होते. कोणत्या नटाला कोणता पाना, हे ते गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून सांगत. स्वतः पाना हातात धरून फिरवण्याचा प्रसंग मात्र त्यांच्यावर कधी आला नव्हता. हलवाई कुठे जिलबी खातो?

हे सगळं असंच चाललं असतं. पण कारंज्याहून, म्हणजे कारंजा घाडग्याहून, मंदाबाईंच्या भावाच्या, किसनरावांच्या, मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ आला. धीरजचं लग्न होऊन चौदा महिने झाले होते आणि त्याला मुलगीही झाली होती. पण फोटोग्राफर मन लावून काम करणारा होता. मंदाबाईंनी शेजारच्या देवकाबाईंना बोलावलं, शेवचिवडा काढला आणि व्हिडिओ टीव्हीवर लावला. विसाव्या मिनिटाला पडद्यावर अक्षरं उमटली, 'आत्याचे आगमन'. सनई सुरू झाली. गाडीचं दार उघडलं. आणि जांभळ्या पैठणीतल्या, नथ घातलेल्या मंदाबाई, दोन्ही हातांत गोटा धरून, संथ गतीने, हळूहळू, फारच हळूहळू खाली उतरल्या. वरून फोटोग्राफरने गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या. त्याही गोट्यावर पडत होत्या.

देवकाबाईंनी चिवड्याची वाटी खाली ठेवली आणि अत्यंत सहानुभूतीने विचारलं, "मंदाबाई, आहेर होता का तो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप ठेवताना मंदाबाई बोलल्या.

"रविवारी बारसं आहे किसनाच्या नातीचं."

"हो, जाऊ न. गाडी आहे आपली."

"तुमी गाडीनं जा. मी एसटीनं येतो."

"काऊन?"

"मी आता गोटा उचलत नाई. गाडीत गोटा दिसला तं बसतही नाई. आर्वीच्या स्टँडवर सगळ्यायच्या देखत एसटीत बसन अन् कोनी विचारलं तं सांगन, आमच्या घरी हार्डवेअरचं दुकान आहे म्हणून."

हा शेवटचा वार होता आणि तो नेमका बसला. बायको एसटीत आणि आपण मागून रिकाम्या गाडीत, असे कारंज्याच्या मांडवात वेगवेगळे दाखल झालो तर सासरचे काय म्हणतील, हे प्रभाकररावांनी डोळ्यांसमोर आणून पाहिलं. चहा निवला. त्या दिवशी गुरुवार होता. म्हणजे तीन दिवस.

गॅरेजवाला म्हणाला, "मंगळवारी आणा." बारसं रविवारी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग बुधवारी आणा." आणि वर म्हणाला, "काका, एक नट तं आवळाचा आहे. तुमचंच दुकान आहे नटायचं." आजूबाजूचे चारजण हसले. त्या क्षणी प्रभाकररावांनी ठरवलं की हँडब्रेक घरीच करायचा. इतिहासातले बरेचसे चुकीचे निर्णय चारजण हसल्यावरच झालेले आहेत.

शुक्रवारी दुकान बंद असतं. सकाळी आठला त्यांनी गाडी गल्लीच्या तोंडाशी, कडुनिंबाखाली नेली, कारण तेवढीच एक जागा सपाट होती. गोट्याची आता गरज नव्हती, म्हणून तो त्यांनी निंबाच्या बुंध्याशी नीट ठेवला. पुण्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाने, निकेशने, एक व्हिडिओ पाठवला होता. त्यातला माणूस कुठल्याशा परक्या भाषेत बोलत होता आणि त्याची गाडीही वेगळी होती; पण बोलता बोलता तो वारंवार हसत होता, यावरून काम सोपं असावं असा निष्कर्ष निघत होता.

एवढ्यात अण्णाजी आले. अण्णाजी म्हणजे देवकाबाईंचे यजमान. आर्वी डेपोत एकतीस वर्षं ड्रायव्हर होते आणि निवृत्तीनंतरही त्यांचा उजवा पाय सतत काहीतरी दाबत असल्यासारखा पुढे असे. त्यांनी खुर्ची मागवली, निंबाच्या सावलीत टाकली आणि बसूनच कामाला हात लावला.

"प्रभाकरराव, हँडब्रेक म्हणजे काय, सांगा बरं."

"गाडी उभी ठेवायचा ब्रेक."

"चूक. हँडब्रेक म्हणजे विस्वास. मी एकतीस वर्षं साठ-साठ मानसं मांग बसवून चहा प्यायलो. कायच्या भरोशावर? विस्वासाच्या."

विश्वासाचा नट कुठे असतो ते मात्र त्यांना सांगता येईना, कारण एसटीत सगळंच निराळं. व्हिडिओप्रमाणे दोन सीटांच्या मधला प्लास्टिकचा डबा काढायचा होता. चार स्क्रू निघाले. डबा निघेना. पाचवा स्क्रू आहे की नाही यावर अर्धा तास चर्चा झाली. तो नाही असं ठरलं, डबा ओढला, आणि मग तो असल्याचं कळलं. डब्याचे दोन तुकडे झाले. आत सतरा वर्षांचा ऐवज होता : सुपारीची खांडं, धीरजच्या लग्नाची पत्रिका, एक कानातलं, ज्यावरून पूर्वी एका कामवाल्या बाईला फार बोलणी बसली होती, आणि तळाशी, दांड्याच्या बुडाशी, गंजलेला, चिमुकला, दीनवाणा असा एक नट.

"दहाचा पाना," प्रभाकरराव नटाच्या तोंडाकडे पाहून म्हणाले.

दहाचा बसला नाही. बाराचाही नाही. घरात तिसरा पाना नव्हता. दुकानात सतरा जातींचे होते. ते घरच्या लेंग्यावरच दुकानात गेले, शटर अर्धं वर केलं आणि वाकून आत शिरले. अर्धं शटर ही हार्डवेअरच्या गिऱ्हाइकाला मोठी हाक असते. एकाला कडी-कोयंडा पाहिजे होता, एकाला पाव किलो खिळे, आणि एकाला काहीच नको होतं. पण सुट्टीच्या दिवशी दुकान का उघडलं, हे जाणून घ्यायचं होतं. अकराचा पाना घेऊन प्रभाकरराव परतले तेव्हा साडेअकरा झाले होते आणि अण्णाजींची झोपही झाली होती.

"थांबा!" पाना नटाला लागणार एवढ्यात अण्णाजी ओरडले. "गाडीले हात लावाच्या अगोदर पहिलं काम काय?"

"काय?"

"हँडब्रेक ओढाचा! डेपोतला पहिला नियम आहे. याच्यावर मेमो भेटते."

नियमात खोट काढता येण्यासारखी नव्हती. प्रभाकररावांनी दांडा सभेतल्या त्या माणसासारखा पार वर उभा केला आणि मग नट आवळायला घेतला. हँडब्रेक दुरुस्त करताना हँडब्रेक ओढून ठेवायचा, ही चूक करायला एक हार्डवेअरवाला आणि एक निवृत्त एसटी ड्रायव्हर असे दोघे एकत्र यावे लागतात. एकट्यादुकट्याचं ते काम नव्हे. अर्धा तास, पिळदार, नेटाने, कपाळाचा घाम पुसत त्यांनी नट आवळला. शेवटी पाना जागचा हलेना.

"पाहा आता," अण्णाजी म्हणाले.

प्रभाकररावांनी दांडा खाली केला. म्हणजे करायला गेले. तो निम्म्यावर येऊन थांबला. गाडी सुरू केली, पहिला गियर टाकला, क्लच सोडला. गाडीने बैल जसा मागचं अंग दाबतो तसं अंग दाबलं, एक उसासा टाकला आणि ती बंद पडली. रिव्हर्स टाकला. पुन्हा तेच. दोघांनी उतरून ढकललं. ढिम्म हलेना.

"जमलं!" अण्णाजी म्हणाले. "याच्यापेक्षा कडक हँडब्रेक मी एसटीतही नाई पाह्यला."

एका अर्थाने ते खरं होतं. हँडब्रेक म्हणून काम शंभर टक्के झालं होतं. फक्त मोटार म्हणून ती गाडी संपली होती. नट सोडवावा तर तोही आता विश्वासाने पकडून बसला होता. गाडी निंबाखालीच सोडून प्रभाकरराव घरी आले. मंदाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या काळ्या हातांकडे पाहिलं, लेंग्याकडे पाहिलं आणि आत जाता जाता एवढंच म्हणाल्या, "कारंज्याची पहिली एसटी सकाळी असते म्हणतात."

शनिवारी सकाळी देवकाबाई नेहमीप्रमाणे तेल-शेंदूर घेऊन मारुतीला निघाल्या. गुडघे दुखत होते. गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी होती. वळसा घालायला म्हणून त्या निंबाखालून गेल्या आणि थबकल्या. बुंध्याशी एक काळा, गुळगुळीत, चपट्या बाजूवर ताठ बसलेला गोटा होता. परवापर्यंत नव्हता. शनिवार, निंब, आणि गुडघ्यांची ही अवस्था. देवकाबाईंनी जास्त विचार केला नाही. दुकान उघडायला निघालेले प्रभाकरराव तिथे पोचले तेव्हा गोटा आपादमस्तक शेंदरी झाला होता, त्याला रुईची माळ होती आणि समोर नारळ फुटत होता.

"देवकाबाई, अहो, हा माझ्या गाडीचा गोटा आहे!"

"देव कोनाचा असते का, प्रभाकरराव?"

"पण मी काल ठेवला इथं, माझ्या हाताने!"

"मंग भाग्यवान आहा. काही काही लोकायच्या हातूनच स्थापना होत असते." आणि त्यांच्या तळहातावर त्यांनी खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

दुपारपर्यंत पानठेल्यावर ठरलं की गोटा स्वयंभू आहे. मंदाबाईंना कळलं तेव्हा त्या उठल्या, हातपाय धुऊन निंबापाशी गेल्या आणि डोळे मिटून हात जोडले. "नऊ वर्षं पायपुसन्यावर ठेवलं रे बाप्पा, माफ कर." उठताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते निव्वळ भक्तीचं नव्हतं. आता तो गोटा कोणीही, कधीही, कुठल्याही चाकाला लावू शकणार नव्हतं.

संध्याकाळी प्रभाकररावांनी पडलेल्या आवाजात निकेशला फोन लावला. निकेशने सगळं ऐकून घेतलं.

"बाबा, नट आवळताना दांडा खाली पाहिजे."

"अण्णाजी म्हणाले, डेपोचा नियम आहे."

"नट सोडा. दांडा खाली करा. मग थोडं थोडं आवळा आणि दांडा ओढून पाहा. पाच-सहा टिक झाले की दांडा घट्ट लागला पाहिजे. बस. अन् बाबा..."

"काय?"

"आई खरंच एसटीनं जाऊन राह्यली का?"

यावर प्रभाकररावांनी फोन ठेवला. नटाला तेल पाजलं, अकराचा पाना लावला, आणि अंधार पडायच्या आत नट सुटला. दांडा खाली. थोडं आवळणं, दांडा ओढणं. नऊ टिक. पुन्हा थोडं. सात. पुन्हा. सहा. दांडा थांबला. वर जाईना. हातात घट्ट उभा राहिला. प्रभाकररावांनी खाली केला, पुन्हा ओढला. टिक, टिक, टिक, टिक, टिक, टिक. तीस वर्षांत त्यांनी स्वतः आवळलेला हा पहिला नट होता. त्यांनी तो आवाज आणखी चार वेळा ऐकला. कुणी पाहत नाही याची खात्री करून एकदा डोळे मिटूनही ऐकला.

आता परीक्षा. गाडी गल्लीच्या उतारावर मधोमध नेली, दांडा ओढला, ब्रेकवरचा पाय काढला. अण्णाजी मागे उभे होते. गाडी हलली नाही. अण्णाजींनी सुपारी कातरली, खाल्ली. गाडी हलली नाही. मंदाबाई ओट्यावर येऊन पाहत होत्या. एक म्हैस येऊन गाडीला अंग घासून गेली, तरी गाडी हलली नाही.

"बसा उद्या गाडीत," प्रभाकरराव ओट्याकडे न पाहता म्हणाले. न पाहता म्हणण्यात एक रुबाब असतो.

"बसन," मंदाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग अण्णाजींनी मागच्या चाकापाशी वाकून अर्धी वीट काढली आणि भिंतीशी टाकली.

प्रभाकररावांना आधी दिसलं ते समजलंच नाही. "अण्णाजी... ते काय होतं?"

"वीट. म्हटलं असू दे. आपला काही भरोसा असते का?"

"म्हणजे गाडी कशानं थांबली? ब्रेकनं की विटेनं?"

अण्णाजींनी प्रामाणिकपणे विचार केला. "हे आता सांगता नाई येत. दोघायनं मिळून थांबवली असं समजा." पुन्हा परीक्षा घ्यायची, तर खाली आंगणात देवकाबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या आणि त्या पणाला लावायला अण्णाजी तयार नव्हते. विश्वासाची गोष्ट निराळी, कुरडयांची निराळी.

रविवारी सकाळी मंदाबाई गाडीत बसल्या. पायाशी रिकामं पायपुसणं होतं. त्यांनी दोन्ही पाय ऐसपैस सोडले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यांना गाडीत पाय ठेवायला एवढी जागा मिळाली होती. वाटेत प्रभाकररावांनी तीनदा गाडी थांबवली आणि उतरून मागच्या चाकांना हात लावून पाहिला. ब्रेक चिकटून तापत असेल तर कळावं, हा हेतू.

"डॉक्टरले दाखवा एकदा," तिसऱ्या वेळी मंदाबाई हळूच म्हणाल्या. "या वयात होते तसं."

कारंज्यात किसनरावांचं घर चढावर. गाडी दिसताच किसनराव फेटा सावरत धावत आले. "भाऊजी, इथंच! मांडवापाशीच लावा! जवाईबुवाची जागा राखून ठेवली आहे!" जागा अगदी घराच्या दारासमोर होती, नाक चढाकडे. गाडीच्या मागे दहा पावलांवर, उताराला, मांडव. मांडवात अलीकडे जिलबीची कढई, पलीकडे फुलांनी सजवलेला पाळणा. आणि गाडी, कढई, पाळणा एका सरळ रेषेत. ही भूमिती प्रभाकररावांनी आरशातून पाहिली आणि त्यांच्या उजव्या पायाने ब्रेकचं पेडल असं दाबलं की पोटरीत गोळा आला. दांडा ओढला. सहा टिक. पाय काढावा, तर पाय निघेना.

मंदाबाई उतरल्या. हातात फक्त पर्स. पदर सावरून, मान ताठ करून, बायकांच्या घोळक्यातून त्या अशा चालत गेल्या की एकीने दुसरीला विचारलंही, "आज आत्याबाई काही वेगळ्याच दिसून राह्यल्या, नाई?" हे प्रभाकररावांनी पाहिलं. आता हाक मारून 'एखादी वीट आण' म्हणणं म्हणजे तिच्या हातातून ती पर्स काढून घेण्यासारखं होतं. ते बसून राहिले.

पाच मिनिटांनी धीरजची बायको आचल पाणी घेऊन आली. "मामंजी, उतरा न."

"हो, उतरतो. तू चाल समोर."

दहा मिनिटांनी चहा आला. मग धीरज आला. मग दोन अनोळखी पाहुणे येऊन काचेतून पाहून गेले. प्रभाकररावांचा पाय पेडलवर, हात दांड्यावर, नजर समोर, चेहरा ताणलेला. ज्याला पेडल दिसत नाही त्याला या बैठकीचा एकच अर्थ लागतो. मांडवात कुजबुज पसरली. जवाई रुसले.

आता, रुसलेला जवाई ही आमच्याकडे मान्यताप्राप्त अवस्था आहे. तिच्यात काही कमीपणा नाही. उलट कधीच न रुसणाऱ्या जवायाकडे थोडं संशयानेच पाहिलं जातं. मंदाबाईंच्या थोरल्या काकू प्रमिलाबाई ऐंशीच्या पुढच्या. त्यांना उचलून खुर्चीसकट गाडीपाशी आणण्यात आलं. त्यांनी खिडकीतून पाहिलं आणि प्रसन्न होऊन म्हणाल्या, "तीस वर्षांत पह्यल्यांदा रुसला. मले तं वाटे, या पोराले मानच नाई कळत. रूस बाबा, रूस. आमच्या वेळी दोन-दोन दिवस रुसत."

मग किसनराव स्वतः आले. हातात ताट, ताटात टोपी, दुपट्टा, नारळ. डोळे ओले.

"भाऊजी, समजलं मले. फोनवर आवतन दिलं. घरी येऊन कुंकू लावून द्याले पाहिजे होतं. चुकलंच माह्यं."

प्रभाकररावांना आवतनाचं काहीच वाटलं नव्हतं. फोनवर बोलावलं हेही त्यांच्या लक्षात नव्हतं. पण किसनरावांनी सांगितल्यावर त्यांनी विचार केला आणि त्यांना वाटू लागलं. एक फोन! चाळीस-पन्नास किलोमीटर येता येत नव्हतं? धीरजच्या लग्नात मानपानाच्या वेळी आपलं नाव तिसरं घेतलं होतं, तेही आठवलं.

"जाऊ दे किसनराव," ते म्हणाले. आवाज खरोखरच फुटला. "मी इथंच बरा आहे."

"तुमी मांडवात आल्याबिगर पाळना हलनार नाई," किसनराव म्हणाले. आणि खरंच पाळणा थांबला. बाळ रडू लागलं. जिलबीवाल्याने गॅस बारीक केला. नाव ठेवायला उभ्या राहिलेल्या बायका तशाच उभ्या राहिल्या. सगळा मांडव माना वळवून एका पांढुरक्या गाडीकडे पाहू लागला, आणि त्या गाडीत एका माणसाच्या पायाला मुंग्या येऊ लागल्या होत्या.

तेव्हा मंदाबाई आल्या. किसनरावांना त्यांनी हातानेच मागे सारलं, दार उघडलं, शेजारी बसल्या, दार लावून घेतलं. त्यांनी तोंडाकडे पाहिलं नाही. सरळ खाली, पायाकडे पाहिलं.

"किती वेळ झाला?"

"तू उतरली तेव्हापासून."

"काल तं थांबली होती."

"वीट होती. अण्णाजीची."

प्रभाकररावांना वाटलं, आता हिने उतरावं, विटेला हाक मारावी, काय ते एकदाचं होऊन जावं. "मंदा," ते म्हणाले, "किसनाले सांग, एखादी..."

"मी नाई सांगत. मले आज पह्यल्यांदा सगळ्या पाहून राह्यल्या." मग त्यांनी पर्स मांडीवरून काढून खाली, पायपुसण्यावर ठेवली आणि सीटवर नीट टेकून बसल्या. "पाय काढा."

"मागे कढई आहे. पाळणा आहे."

"तो नट कोनं आवळला?"

"मी."

"तुमीच ना? अण्णाजीनं नाई?"

"नाही. मीच. संध्याकाळी. एकट्यानं."

"मंग काढा. मी बसली आहे. गेली तं दोघं जाऊ."

प्रभाकररावांनी पाय सैल केला. पेडल हळूहळू वर आलं. गाडी हलली. बोटभर मागे सरकली, मागून एका बाईचा "अवं माय!" असा आवाज आला, आणि गाडी थांबली. दोघंही श्वास धरून बसले. बाळ रडत होतं, जिलबी तळली जात होती, गाडी उभी होती. प्रभाकररावांनी पाय पूर्ण उचलून हवेत धरला. गाडी उभीच होती.

"चाला आता," मंदाबाई म्हणाल्या. "पोरगी रडून राह्यली."

जवाई उतरले. उजव्या पायात मुंग्या असल्यामुळे ते थोडं लंगडत, एक हात मंदाबाईंच्या खांद्यावर ठेवून चालत गेले. त्यामुळे रागाने केवढा थकवा येतो हे सगळ्यांनी पाहिलं. किसनरावांनी त्यांना टोपी घातली, दुपट्टा पांघरला. पाळणा हलला. मंदाबाईंनी बाळाच्या कानात नाव सांगितलं. धीरजला बहीण नव्हती, म्हणून आत्याचा तो मान धीरजच्या आत्याकडे आला होता.

पंगती बसताना किसनरावांनी बहिणीला कोपऱ्यात गाठलं. "बाई, आमी एवढे जन गेलो, टोपी-दुपट्टा नेला, हात जोडले. नाई ऐकलं. तू गेली अन् दोन मिनिटात कसे मानले?"

"काही नाई रे," मंदाबाई म्हणाल्या. "तुमी सगळे बाहेरून बोलत होते. आत जाऊन बसा लागते."

प्रभाकरराव तेव्हा पंगतीत वाढपी, वऱ्हाडी आणि यजमान अशा सगळ्यांना अडचण करत, गाडीकडे तोंड करून बसता येईल असं एक पान शोधत होते.